तिघांची गाडी आणि एक तास

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. तीन म्हाताऱ्यांनी मिळून एक जुनी गाडी घेतली की ते आपोआप साचतात, पायाखालच्या रबरी मॅटमध्ये वाळू साचते तसे. झटकायला गेलं की कळतं, अरे, एवढे!

मी शहाद्यात आयुष्यभर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. नावापुढे डॉक्टर लागतं, पण ते दुखण्यावरचे डॉक्टर नव्हेत, आणि ही गोष्ट मला सर्वात जास्त बोचली ती सुशीलेच्या, म्हणजे माझ्या पत्नीच्या, छातीत पहिल्यांदा दुखलं तेव्हा. नंदुरबारच्या हृदयाच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "सर, पुन्हा दुखलं तर अ‍ॅम्ब्युलन्सची वाट बघत बसू नका. एक तासाच्या आत इथे आणा."

एक तास! शहादा ते नंदुरबार रस्ता तेवढ्याच वेळाचा. तो एक तास तेव्हापासून माझ्या खिशात टिकटिकतोय.

म्हणून गाडी घेतली. भागीदार तीन. केमिस्ट्रीचे वसावे सर, मूळचे नवापूरकडचे, माझ्यासारखेच निवृत्त. शेजारचे पारसशेठ, कापडाचे व्यापारी. आणि मी. गाडी ठेवायची शेठच्या गोडाउनमध्ये, माझ्या घराला लागून. पण शेठ आठवड्यातले तीन दिवस सुरतेला, वसावे सरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणजे वेळ आली तर स्टिअरिंगवर कोण? मी! वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी लायसन्स काढलेला माणूस!

•

पहिल्याच महिन्यात मी गाडीसाठी वही केली. तपासलं की लिहायचं. एका रविवारी ऑइलची पट्टी काढून पाहिली, तेल खालच्या खुणेच्याही खाली. वहीत लिहिलं, "तेल कमी वाटते." मला कुठलीच गोष्ट 'आहे' असं लिहिता येत नाही, 'वाटते' असंच लिहितो.

सोमवारी वसावे सरांनी वही वाचली आणि एक लिटर ओतलं. मंगळवारी शेठनी वाचली, त्यांनीही ओतलं. बुधवारी मला वाटलं, आपणच लिहिलंय तर आपणच टाकायला हवं.

'टाकले' असं वहीत कोणीच लिहिलं नाही!

गुरुवारी खेतियाच्या रस्त्यावर गाडीने असा धूर सोडला की मागचा मोटरसायकलवाला थांबून आम्हाला उतरवायला धावला. आमच्या घराच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजचे भटू मिस्त्री आले. त्यांनी पट्टी काढली आणि आमच्या तिघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"इतलं तेल कोणी टाकं?"

तिघांनी हात वर केले.

"पण पहिले कमी शे असं कोणी सांगं?"

मी सांगितलं. तपासताना गाडी कुठे उभी होती, ते त्यांनी विचारलं. गोडाउनच्या उतारावर, नाक वर करून. मिस्त्रींनी पट्टी पुसून जागेवर ठेवली.

"सर, तुम्ही कॉलेजमा काय शिकाडेत?"

द्रवाची पातळी हा माझा आवडता धडा होता, हे मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही.

•

मग उंदीर झाले. गोडाउन म्हटलं की उंदीर आलेच. एका सकाळी गाडी चालू होईना. बॉनेट उघडलं तर दोन वायरी कुरतडलेल्या. आज सुशीलेला दुखलं असतं तर?

मी म्हटलं, पिंजरा लावू, औषध ठेवू. पारसशेठनी कानांवर हात ठेवले. "सर, आमच्या घरात मुंगीलासुद्धा वाट करून देतात. औषधाचं नाव काढू नका."

मग शेठनी स्वतःच उपाय काढला. "बिचारे उपाशी असतील म्हणून वायर खातात. पोट भरलं तर कशाला खातील?" गाडीपासून दूरच्या कोपऱ्यात त्यांनी रोज ज्वारीचं ताट ठेवायला सुरुवात केली. पटण्यासारखं होतं. निदान मला पटलं. मला कोणाचंही चटकन पटतं.

आठव्या दिवशी पाच वायरी गेल्या!

भटू मिस्त्री बॉनेटमधून डोकं न काढताच म्हणाले, "शेठ, उंदरेस्ले तुम्ही जेवण दिधं. मंग मुखवास म्हणीसन त्यास्नी वायर खाधी!"

दुसऱ्या दिवशी शेठनी निमूटपणे गोडाउनची भोकं सिमेंटने बुजवली. आणि मिस्त्रींच्या सांगण्यावरून बॉनेट रोज सकाळी उघडून पाहायचं काम माझ्याकडे आलं.

•

मी गाडीची इतकी काळजी घेऊ लागलो की ती चालवणंच सोडलं. चालवली तर ठोकली जाईल. ठोकली तर वेळेला गाडी नाही. त्यापेक्षा पुसून, झाकून, तयार ठेवलेली बरी. तीन आठवडे ठेवली. मग किल्ली फिरवली तर नुसतं टक् असा आवाज!

"बॅटरी गई," भटू मिस्त्री म्हणाले. "सर, हाई गाडी शे का देव्हारा शे? आठ दिनमा एकदाव तरी लांब लई जा."

लांब न्यायला मन होईना. त्यावर वसावे सरांनी तोड सुचवली. गाडी जागेवरच अर्धा तास चालू ठेवू, बॅटरी चार्ज होईल. बाहेर धूळ फार होती म्हणून शटर खाली ओढलं. मी पुढच्या सीटवर, वसावे सर शेजारी. पेपर अर्धा अर्धा वाटून घेतला. इंजिन छान घुमत होतं. थोड्या वेळाने मला तीच बातमी मी तिसऱ्यांदा वाचतोय असं जाणवलं. डोकं जड झालं होतं. वसावे सर मान टाकून पेंगत होते. उठावंसं वाटत होतं आणि पाय उठत नव्हते.

इतक्यात शटर धाडकन वर गेलं. सुरतेहून एक दिवस आधी परतलेल्या पारसशेठनी किल्ली बंद केली, आम्हा दोघांना बखोटीला धरून ओढून बाहेर आणलं आणि ओट्यावर बसवलं. मी ओकलो. वसावे सरांच्या हातात पेपरचं पान तसंच होतं.

बंद जागेतला गाडीचा धूर माणूस मारतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. वसावे सरांनी तर त्यावर परीक्षेत प्रश्नही काढला होता!

सातवी शिकलेले पारसशेठ कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "एक फिजिक्स, एक केमिस्ट्री. आता बायोलॉजीवाल्या सरांनाही बोलावून घेऊ का?"

•

त्यानंतर मी गाडी लांब न्यायला लागलो. त्यात एकदा डोंगरातल्या मोलगीला गेलो, वसावे सरांच्या जुन्या विद्यार्थ्याच्या घरी. परतताना बाजारातून निघालेली एक म्हातारी टोपलीसह मागे बसवून घेतली.

घाट उतरताना मी ब्रेकवरचा पाय काढलाच नाही. काढला तर गाडी पळेल, ही भीती. चौथ्या की पाचव्या वळणावर जळका वास आला. पेडल पायाखाली मऊ लागू लागलं. दाबतोय, पण गाडी पाहिजे तशी ऐकत नाही. उजव्या हाताला दरी.

भीती वाटली की मला शिकवायची सवय आहे. मी मोठ्याने सुरू झालो, "वसावे सर, बघा, सतत दाबल्यामुळे ब्रेक तापलेत. ताप वाढला की घर्षण कमी होतं. घर्षण कमी झालं की..."

"सर, तास नंतर घ्या!" वसावे सर ओरडले. "गियर खाली! ज्या गियरमध्ये चढलो त्याच गियरमध्ये उतरा!"

दुसरा गियर टाकला. इंजिन किंचाळलं, गाडी धरली गेली. डोंगराच्या बाजूच्या मातीत चाक घालून कशीबशी उभी केली. हात स्टिअरिंगवरून सुटेनात.

म्हातारी शांतपणे उतरली. टोपली डोक्यावर घेतली. खिडकीपाशी येऊन मला विचारलं, "तू मास्तर आहे का?"

"हो, कशावरून?"

"लई सांगत होता. गाडी थांबतच नव्हती."

आणि ती पायी निघाली.

•

हा किस्सा वसावे सरांनी आमच्या घरी येऊन सांगितला. सुशीला हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हातात घड्याळ घेऊन अंगणात उभी राहिली.

"अहो, आता मला दुखतंय असं समजा. निघा."

मी टायर पाहिले. पाणी पाहिलं. ऑइल पाहिलं, सपाट जागेवर. आरसे पुसले. सीट पुढे घेतली, मागे घेतली. गाडी फाटकाबाहेर आली तेव्हा तिने घड्याळ माझ्यापुढे धरलं.

"तेवीस मिनिटं झाली."

"पण सगळं तपासलेलं बरं ना?"

"ते आदल्या दिवशी तपासा. त्या दिवशी फक्त निघा. माझा जीव आहे हो, प्रॅक्टिकलची परीक्षा नाही."

मग रोज संध्याकाळी तपासणी आणि रोज सकाळी तालीम. तेवीसची पंधरा झाली, पंधराची नऊ. शेवटी चार मिनिटांवर आलो. ती म्हणाली, "आता चालेल." तिने मला इतकं मोठं सर्टिफिकेट कधीच दिलेलं नव्हतं.

•

आणि मग तो दिवस आलाच. सकाळी दहाचा सुमार. स्वयंपाकघरातून तिची हाक आली. आवाज अगदी साधा होता, त्यावरूनच मी समजलो. ती ओट्याला धरून उभी होती. कपाळावर घाम.

"अहो, दुखतंय. तालीम नाही."

डॉक्टरांनी दिलेली गोळी तिने जिभेखाली ठेवली. मी गाडी बाहेर काढली. पुढचा पट्टा छातीवर दाबतो म्हणून ती नेहमीसारखी मागे बसली. मी पट्टा लावला, फोन बंद करून कप्प्यात टाकला, काचा वर घेतल्या. मागचं दार वाजलं. निघालो. चार मिनिटंसुद्धा लागली नव्हती!

रस्त्यावरची नजर काढायची नाही, हे मी स्वतःला बजावलं होतं. आरसा मागच्या गाड्या बघायला, माणसं बघायला नाही. उसाच्या ट्रॉल्या, केळीचे ट्रक, सगळ्यांमागून मी नीट अंतर ठेवून चाललो होतो.

"बरं वाटतंय ना?" मी विचारलं.

उत्तर नाही.

"बोलू नकोस. दम लागेल. बरोबर आहे तुझं."

प्रकाशा जवळ आलं. पुन्हा विचारलं. उत्तर नाही. हुंकारसुद्धा नाही. गाडी थांबवावी? थांबवली तर मिनिटं जाणार. मागे वळून पाहावं? तापीचा पूल सुरू झाला होता, आणि खरं सांगतो, पूल नसता तरी मी वळलो नसतो. मागे काय दिसेल, ते पाहायची माझी हिंमत नव्हती.

मग मी नुसता बोलत सुटलो. चाळीस वर्षांत तिला जे सांगायचं राहिलं होतं, ते सगळं त्या पुलावर सांगितलं. काय सांगितलं, ते इथे लिहीत नाही. डोळे भरून येत होते आणि पुसायला हात स्टिअरिंगवरून काढता येत नव्हता.

पूल संपल्यावर मागून एक पिकअप आली. हॉर्नवर हॉर्न, दिवे लावतेय, विझवतेय. खिडकीतून कोणाचा तरी हात जोरजोरात हलत होता. मी नियमाप्रमाणे वेग कमी केला, डावीकडे सरकलो, हात दाखवून वाट दिली. पिकअप क्षणभर माझ्या बरोबरीने चालली, मग धूळ उडवत पुढे गेली.

"बघितलंस," मी मागे न पाहता म्हटलं, "लोकांना कसली घाई असते!"

दवाखान्याच्या दारात गाडी लावली. "स्ट्रेचर! पेशंट मागे आहे!" असं ओरडलो. दोघे धावत आले. एकाने मागचं दार उघडलं, आत वाकून पाहिलं, सीटखालीसुद्धा पाहिलं.

"बाबा, पेशंट कुठे आहे?"

मागच्या सीटवर फक्त पाण्याची बाटली होती.

मी वळलो. समोर तीच पिकअप उभी होती आणि तिला टेकून भटू मिस्त्री, हात ऑइलने काळे. "काकू आतमा शेत, सर. डॉक्टरस्नी लगेच लिधं. वेळवर उनात, असं म्हणेत." मग जरा थांबून म्हणाले, "त्या फाइल लेवाले घरमा ग्यात, गाडीनं दार लाईसन. बाहेर येतस तं तुम्ही गायब!"

मी आत धावलो. सुशीला पलंगावर होती, छातीवर वायरी लावलेल्या, हातात सलाइन. चेहरा फिका, पण डोळे उघडे. उशाशी फाइल. डॉक्टर म्हणाले, "धोका टळला आहे, सर. दोन मिनिटंच बोला."

मी पलंगाच्या कडेवर बसलो. ती क्षीण आवाजात म्हणाली,

"साइड मात्र छान दिलीत हो."