आणखी दोन हात जागा

सुजाताताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी साक्रीच्या बाजारात एका गिऱ्हाइकाशी डेगचीवरून भांडत होतो. महिना झाला. राग मात्र उतरलेला नाही… ताईंवरचाच.

त्या धुळ्याच्या डॉक्टर. डोंगरातल्या पाड्यांवर सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे रुग्ण किती, याचा अभ्यास करायच्या. पहिल्यांदा भेटल्या त्या माझ्या भांड्यांच्या दुकानाच्या सावलीत टेकल्या तेव्हा. हातातल्या कागदांवर ओळीनं एकच शेरा : घर बंद, घर बंद. म्हणाल्या, "भाऊ, आत्ता तिथूनच आले. वरचे साहेब म्हणतात, लोक तपासणी टाळतात, हे पाडे यादीतून काढा. काढले तर तिथं तपासणी नाही अन् औषधंही नाहीत."

"जाता कोणत्या दिवशी?"

"गाडी याच वारी मिळते."

मी कपाळावर हात मारला. "अहो, आज बाजार!" समोर पाड्यावरची एक म्हातारी हंडा वाजवून बघत होती. तिला विचारलं, "अक्का, आज घर कोन शे?"

"कोन ऱ्हाई? बठ्ठा आठेच शेतस!"

सगळा पाडा इथंच, बाजारात! ताई ताडकन उठल्या. "मग मला इथंच बसू द्या." मी एक हात जागा म्हणालो, त्या पाच. चारवर सौदा ठरला. भांडी विकण्यात अर्धं आयुष्य गेलं, पण इतकं चिवट गिऱ्हाईक पाहिलं नाही! पुढच्या बाजारापासून त्या उपड्या घमेल्यावर बसून बोटातून रक्ताचा थेंब घ्यायच्या आणि मी भांड्यांच्या दरासोबत पाड्यांची नावं ओरडायचो. काय रांग लागायची! पाडेच्या पाडे उतरायचे. यादीतलं एक नाव कटलं नाही. डोंगरात तपासणीची खोली झाली, औषधं तिथंच मिळू लागली; ताईंची बाजारातली बैठक मात्र चालूच राहिली.

मग अहवाल आला. त्यात माझं नाव नाही! 'स्थानिक सहकार्य', एवढंच. मी भर बाजारात पेटलो. "बाजाराची अक्कल कोणाची?"

"तुमचीच. पुढच्या अहवालात नाव टाकते. पण आणखी दोन हात द्या, पडदा लावायचाय. बाया उघड्यावर बोलत नाहीत."

"तिथं माझे हंडे मावतात. आधी नाव."

"आधी जागा."

हसत गेल्या. दोघंही हटलो नाही… आणि मग तो फोन.

गेल्या बाजाराला त्यांच्या जागी नव्या नर्सबाई आल्या. मी हंडे आधीच उचलले होते. पडदा टांगून आत तेच घमेलं उपडं ठेवलं. अक्का आत गेली ती किती वेळ बाहेरच येईना! काय बोलली कळलं नाही. पण बोलत होती, थांबतच नव्हती.

आधी जागा म्हणालात ना, ताई… ही घ्या.