नाक कायले पायजे?

रेखलालभाऊजी माझ्या ताईला पाहायला आले, तेव्हा पोह्यांची बशी हातात असतानाच शेजारची गाय अडली. ते गुरांच्या दवाखान्यात जखमा बांधणारे ड्रेसर होते. बशी खाली ठेवून, नवा सदरा काढून ते गोठ्यात गेले. खांद्यापर्यंत हात आत घालून त्यांनी मेलेलं वासरू ओढून काढलं, बोरिंगवर राखेनं हात घासले आणि परत येऊन उरलेले पोहे संपवले. मी तेव्हा कॉलेजात होतो. घरामागे जाऊन ओकलो. ताई म्हणाली, "करीन तर याच्याशीच."

"घाण धुतली की जाते गा," हे त्यांचं नेहमीचं बोलणं. "धुवाले पानी पायजे. नाक कायले पायजे?" मी शिक्षक झाल्यावर त्यांनी माझं नाव 'नाकवाले गुरुजी' ठेवलं. माझे वडील अंथरुणाला खिळले, पाठीला जखमा झाल्या. त्या धुवायला जावई यायचा, आणि मुलगा रुमालाला कापूर लावून दारात उभा. "आत ये ना गा, बाप होय तुहा. चावन का?" वडीलही हसायचे. मी आत गेलो नाही.

ताई आधीच गेली. मूल नव्हतं. काविळीचं निमित्त होऊन भाऊजींचा स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला आणि नागपुरात ऑपरेशन झालं, तेव्हा म्हणूनच त्यांना गोंदियाला माझ्या घरी आणलं. जेवणागणिक पचनाची कॅप्सूल घ्यायचे, तरी शौचाला तेलकट, जड वास. माझ्या बायकोला ते लहान बहिणीसारखं मानत. तिला संडास धुवू देईनात. स्वतःच भिंतीला धरून धुवायचे. मी फिनाईल आणून द्यायचो आणि दार लोटून घ्यायचो.

भेटायला येणाऱ्यांचीही मला किळस यायची. पलंगावर बसून समोसे खायचे, तेलाची बोटं चादरीला पुसायची आणि रोग्यासमोरच म्हणायचं, "केमोनं माणूस आतून जळून जाते म्हनतात." किळस यायची, पण त्यांचं वाक्य मी जपून ठेवलं.

कारण केमोचं ठरवायचं होतं. डॉक्टरांनी दोन्ही बाजू सांगितल्या होत्या. गाठ पूर्ण निघाली आहे, तरी हा रोग परत येतो. सहा महिने केमो घेतली तर ती शक्यता कमी होते, संपत नाही. "मी केमोच सांगेन. पण अशक्तपणा फार आहे. नुसतं तपासत राहायचं म्हणालात, तर चूक म्हणणार नाही."

परतीच्या गाडीत भाऊजींनी विचारलं, "तू काय विचार करून राहिला?"

"तब्येत आधीच नाजूक आहे, भाऊजी. ओकाऱ्या सोसवणार नाहीत. नुसतं लक्ष ठेवू."

त्यांनी माझ्याकडे निवांत पाहिलं. "माह्या तब्येतीचं सांगून राहिला का तुह्या नाकाचं?"

"तब्येतीचंच."

"मंग घेतो मी केमो. लक्ष ठेवाले मी का चिचगडचं राखीव जंगल होय?"

पहिल्या केमोनंतर घरी ओकारी आली. मी बादली धरली. पिवळं, आंबट, दवाखान्यासारखा औषधी वास. दुसऱ्या उमाळ्याला मीही त्याच बादलीत ओकलो. भाऊजी टाक्यांवर हात दाबून हसत सुटले. "अरे बापा! आता कोन कोनाची बादली धरन?" मग आपल्याच टॉवेलनं त्यांनी माझं तोंड पुसलं.

पुढच्या वेळी मी नाकाला उपरणं बांधलं. त्याच्या पुढच्या वेळी शाळेत काम काढलं, उशिरा आलो, तर बादली धुऊन पालथी घातलेली. ते उंबऱ्याशी बसून धापा टाकत होते. या वेळी 'नाकवाले गुरुजी' म्हणाले नाहीत.

नंतरच्या खेपेला सुई लावण्याआधीच ते डॉक्टरांना म्हणाले, "बस झालं जी. मले नाही झेपून राहिलं. आता तपासतच राहा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला काय वाटतं?"

"त्यांची इच्छा," मी म्हणालो. प्रश्न संपायच्या आतच म्हणालो.

नागपूरच्या फलाटावर त्यांनी आलूबोंडा मागितला. तळलेली मिरची चावून चावून खाल्ली, कागद चाटला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "चल गा. सुटला तू." मी ऐकलं नाही असं दाखवलं. गाडीत खिडकीशी बसल्यावर मला इतकं हलकं वाटत होतं, की त्या हलकेपणाची आज कुठल्याही ओकारीपेक्षा जास्त किळस येते.

सुरुवातीच्या तपासण्या चांगल्या आल्या. मग यकृतात डाग दिसले. केमो पूर्ण झाली असती तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरांना विचारलं. "सांगता येत नाही," ते म्हणाले. तेवढ्यावर मी उभा आहे.

शेवटच्या दिवसांत काळं पडायचं तोंडातून. मी उपरणं न बांधता भांडं धरलं. भाऊजींनी डोळे उघडले. "जमून राहिलं गा तुले," म्हणाले.

तेरवीच्या पंगतीत समोसेवाले सगळे होते. मी वाढत होतो. एकानं भाताला आळं करत सुस्कारा सोडला, "केमो झेपली नाही ना गा त्याले."

मी मान डोलावली आणि त्याच्या आळ्यात वरण ओतलं.