अण्णांची डिस्क, आयेचा प्लेअर

‘नो डिस्क.’ निळ्या पडद्यावर, डाव्या कोपऱ्यात, पांढरी अक्षरं. अहो, आत आहे ना डिस्क! मी माझ्या हाताने घातलीय, घरघर फिरतेय, कानाने ऐकतेय, आणि हा मेला मलाच सांगतो डिस्क नाही म्हणून. त्या तीन आठवड्यांत मी त्या डब्याला ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत. करी रोडला आमच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर मात्र सगळ्यांना त्या पाठ झाल्या असतील.

सुरुवात आयेने केली. आये म्हणजे माझी आई. त्या खोलीत ती एकटी राहते आणि मी दर रविवारी वडाळ्याहून तिच्याकडे जाते. अण्णांना, माझ्या वडलांना, जाऊन अकरा वर्षं झाली. एका रविवारी ती वाल सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “गो, तेंचो आवाज माका आठवणा नाय.”

चेहरा आठवतो म्हणाली, भिंतीवर फोटोच आहे. चालणं आठवतं, खोकला आठवतो. आवाज तेवढा गेला. चार दिवस आठवायचा प्रयत्न करत होती आणि कुणाला सांगायची लाज वाटत होती. इतर बायकांना अशा वेळी रडू येतं. मला राग येतो, लहानपणापासूनच. म्हटलं, थांब, मी आणते त्यांचा आवाज.

घरात कॅसेट होती ती भावाच्या लग्नाची. तिच्यात अण्णा आहेत भरपूर, पण त्या व्हिडीओवाल्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणी घातलेली. अक्षता वाटताना, पंगतीत आग्रह करताना अण्णांचे नुसते ओठ हलतात आणि मागे सनई. तो माणूस आज मला भेटला ना, तर त्याच्या कानाशी सनई वाजवत ठेवीन दोन दिवस. शेवटी आतेभावाला फोन केला. त्याच लग्नाच्या आदल्या दिवशी तो नवा हँडीकॅम घेऊन आमच्या घरात मिरवत होता. त्याने माळा उपसला, टेप शोधली, कुठूनतरी कॉम्प्युटरवर घेतली आणि मला पाठवली. चौदा मिनिटं, आवाजासकट. मी ऑफिसात होते, म्हणून उघडून पाहिली नाही. ठरवलं, आयेबरोबरच बघायची, पहिल्यांदा तिनेच ऐकायचा तो आवाज.

भाऊ म्हणाला, “तायडे, डीव्हीडी कोण बघतं आता? फोनवर दाखव की तिला.” अरे शहाण्या! तिचं एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय, कान अर्धे गेलेत, आणि हिला तळहाताएवढ्या काचेत नवरा दाखवू? तिचा टीव्ही पेनड्राइव्ह घेत नाही. तिचा डीव्हीडी प्लेअर अण्णांनी स्वतः निवडून आणलेला. त्याची दोन बटणं तिला अंधारातही सापडतात, एकाने दार उघडतं, एकाने चालू होतं. अण्णा तिला तिथेच हवे होते. यात न कळण्यासारखं काय आहे?

पहिली डिस्क मी बावळटासारखी नुसती फाइल कॉपी करून नेली. ती चालली नाही, ठीक आहे, माझी चूक. जुन्या प्लेअरला तशी फाइल कळत नाही, नीट डीव्हीडी बनवावी लागते, हे मी रात्रभर नाही पण दोन संध्याकाळी बसून शिकले. दुसरी अगदी रीतसर बनवली. सुरुवातीला अण्णांचा फोटो, खाली चालू करायचं बटण, वरून छापील स्टिकर. माझ्या लॅपटॉपवर फोटो झकास आला, शेजारणीच्या प्लेअरवरही आला. करी रोडला नेली, तर ‘नो डिस्क’.

दादरच्या दुकानदाराने ज्ञान पाजळलं. प्लसवाली डिस्क नको, मायनसवाली घ्या. स्पीड कमी ठेवा. स्टिकर काढा, त्याने डिस्क थरथरते. शेवटी डिस्क बंद करता ना, की पुढे काही भरायला उघडी ठेवता? उघडी राहिली तर दुसऱ्या मशीनवर वाचत नाही. मी सगळं केलं. मायनसवाली घेतली, सगळ्यात कमी स्पीडवर भरली, बंद केली, आणि स्टिकरऐवजी मार्करने मोठ्ठ्या अक्षरांत ‘अण्णा’ लिहिलं.

दर वेळी आये डिस्क माझ्या हातातून घ्यायची, दोन्ही हातांनी, आणि स्वयंपाकाच्या ओट्याशेजारच्या देव्हाऱ्याकडे न्यायची. देवापुढे ठेवून आणते, म्हणायची. ठेव बाई. आमच्याकडे दहावीचं हॉल तिकीटसुद्धा देवापुढे राहून मग परीक्षेला गेलं. तोवर मी वायरी हलवत असायचे. मग ती यायची, स्वतः डिस्क आत सरकवायची आणि पाटावर बसायची, हात जोडून. घरघर, घरघर. नो डिस्क.

आणि मी सुरू. ती काही विचारायला पुढे आली की माझं डोकं आणखी सटकायचं. “आये, किती वेळा सांगितलं, मध्ये मध्ये करू नको! एका जागी बस!” ती बसायची. मी गॅलरीत जाऊन दुकानदाराला फोनवर झापायचे, आणि परत येईपर्यंत आये डिस्क पदराने स्वच्छ पुसून पाकिटात घालून ठेवायची. ती डिस्क वडाळ्याला नेली की अण्णांचा फोटो लगेच यायचा! वेड लागायची पाळी आली होती मला. तिच्या विकतच्या भजनांच्या डिस्का त्या प्लेअरवर चालत होत्या. तिसऱ्या आठवड्यात त्याही अडखळायला लागल्या, तेव्हा मी प्लेअर उचलला, पिशवीत कोंबला आणि दादरला एका म्हाताऱ्या रिपेअरवाल्याच्या टेबलावर आदळला.

त्याने झाकण उघडलं आणि चष्मा कपाळावर चढवला. “बाई, हे काय आहे?”

झाकणाच्या आतल्या बाजूला केशरी शिंतोडे. जिथून प्रकाश येऊन डिस्क वाचतो, त्या मसुरीएवढ्या काचेवर केशरी पापुद्रा. मी बोटाने पुसून वास घेतला. अष्टगंध.

रिपेअरवाल्याने समजावलं. प्लेअर आधी डिस्कच्या मधल्या भोकाजवळ वाचायला लागतो. तिथेच डाग असला तर त्याला पुढे काहीच कळत नाही, डिस्क नाही म्हणून मोकळा होतो. त्याने काच पुसून दिली आणि हसला. मला हसू येत नव्हतं. दादरहून करी रोडला येईस्तोवर मी मनातल्या मनात आख्खं भांडण तयार केलं होतं.

“आये! डिस्कला गंध लावतेस तू?”

“लावतंय. फोटोक लावतंय तसा.” तिला यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना. “त्या बाजून तू नाव लिवलं. नाव पुसात म्हणान ह्या बाजून लावलंय. मधी, कपाळाक लावतत तसा.”

तीन आठवडे, आये! तीन आठवडे मी जगाशी भांडतेय आणि तू, एक शब्द नाही? ओरडले मी. खूप ओरडले. मग ती म्हणाली, “तू सांगूक दिलंस खय?”

मी डिस्क घेतली, या वेळी देव्हाऱ्याकडे जाऊ दिली नाही, आणि आत घातली. घरघर. अण्णांचा फोटो आला. आयेने बटण दाबलं.

आमचीच खोली. दारात स्टूल, स्टुलावर अण्णा, हातात आंब्याच्या पानांचं तोरण. खाली आये, काळ्याभोर केसांची, स्टूल धरून. ती दोऱ्याचं टोक द्यायला हात वर करते, स्टूल हलतं, आणि अण्णा खेकसतात, “अगो, किती येळा सांगलंय, मदी मदी करू नको! एका जागी उबी रव!”

तेवढ्यात त्यांना कॅमेरा दिसतो. “चालू हा काय?” म्हणतात आणि लाजून तोरणाकडे वळतात. पुढची तेरा मिनिटं पाहुणे आणि हळद. अण्णा पुन्हा नाहीत.

आयेचा चेहरा फुलला होता. डोळ्यांतून पाणी, आणि हसत होती. टीव्हीकडे पाहिलं, मग वळून माझ्याकडे.

“ह्यो आवाज इसारलंय म्हणत होतंय मी?” ती म्हणाली. “ह्यो तर दर आयतवारी आयकतंय.”

तिने ते टोचून म्हटलं नाही. टोचून म्हटलं असतं तर मी भांडले असते. तिला खरंच बरं वाटत होतं, हरवलेली वस्तू घरातच निघाली म्हणून. तीन आठवड्यांतले सगळे रविवार एकदम आठवले, आणि पाटावर हात जोडून गप्प बसलेली ती.

मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. “परत लावू?” विचारलं, मला जमेल तितक्या हळू.

“काय?” आये म्हणाली. तिला ऐकूच आलं नाही. मग मला नेहमीच्या आवाजात विचारावं लागलं.