एका पट्ट्यावरची दोन यंत्रं

बहात्तर साली नगरच्या एका छोट्या कारखान्यात मी तारांना डाख द्यायचं काम करत होते. खाणकामगारांच्या पट्ट्याला लावायची दोन यंत्रं तिथे बनत. खाणीत स्फोटक वायू वाढला की एकाचा काटा चढे. दुसरं म्हणजे वरून बोलावणं आलं की वाजणारा बझर. शेडच्या दोन टोकांच्या दोन टेबलांवर त्यांची तपासणी होई. तपासणाऱ्या आम्ही सगळ्या बायका. पट्टा पुरुषांनी बांधायचा, म्हणून तो कुणी बांधून पाहिलाच नव्हता.

चांद्याकडच्या खाणीतून यंत्रांची एक पेटी परत आली. काटा मध्येच शून्यावर पडतो, अशी तक्रार होती. फोरमनने पेटी उघडलीसुद्धा नाही. सगळ्यांसमोर म्हणाला, "कॉन्व्हेंटच्या मॅडमचा हात कापतो, डाख कच्चा राहतो." तपासणीच्या वहीत माझ्या नावापुढे तेच लिहिलं आणि मला पॅकिंगला बसवलं. कॉन्व्हेंटात शिकल्यामुळे मला मराठीत भांडता येत नसे, आणि इंग्रजीत भांडायला तिथे कुणी नव्हतं.

एका दुपारी सगळे डबा खायला गेल्यावर मी साडीवरून पट्टा बांधला आणि दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी अडकवली. नळीतून थोडा वायू सोडला. काटा चढला. बझर वाजवला, तसा काटा खाली आला. बझरमध्ये उडणारी ठिणगी शेजारच्या तारांना गोंधळात पाडत होती. पुढच्या चार दुपारी मी तारांना पीळ दिला, ठिणगी दाबायला कंडेन्सर बसवला, बझरला बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याचं आवरण केलं. आता बझर वाजला तरी चढलेला काटा हलेना.

हे फक्त सुप्याहून कामाला येणाऱ्या, माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईला सांगितलं. ती म्हणाली, "मग सांग की त्याला."

"नाही."

"लई खुनशी हायेस गं तू." तिला ते आवडलेलं दिसत होतं.

खाणीने यंत्रं वापरणं थांबवलं होतं. नाहीतर मी गप्प राहिले नसते, असं मी स्वतःला सांगते.

खाणीचे इंजिनिअर शनिवारी येणार होते. पक्का डाख कसा द्यायचा ते दाखवा, अशी मी फोरमनला विनंती केली. तो खूश झाला. दोन्ही यंत्रं त्याने स्वतःच्या हाताने जोडली.

शनिवारी पाहुण्यांसमोर मी फोरमनला म्हणाले, "साहेब, खाणीत बांधतात तसा पट्टा बांधून दाखवा ना." त्याने ऐटीत बांधला. वायू सोडला, बझर वाजला, काटा शून्यावर.

इंजिनिअरने विचारलं, "हा डाख कुणाचा?"

"साहेबांचा," मी म्हणाले, आणि माझी जोडी पुढे ठेवली. बझर वाजला तरी तिचा काटा हलला नाही.

संध्याकाळी फोरमन वहीतला शेरा खोडायला आला. मी पानावर हात ठेवला.

"खोडू नका. खाली लिहा."

त्याने लिहिलं: डाख पक्का, यंत्रांच्या जोडणीत दोष. मी सही मागितली. त्याने तीही केली.

सोमवारी मी माझ्या टेबलावर परतले. फोरमन तिथे होता तोवर ती वही त्याच पानावर उघडी असे, त्याच्या जाण्यायेण्याच्या वाटेकडे तोंड करून.