वेगळा पेला

नांदेडच्या सरकारी दवाखान्यात, प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. मी चहा पुढे केला, तर तिने पिशवीतून स्वतःचा पेला काढला.

“कावीळ हाय मला, हिपॅटायटिस सी म्हणत्यात ती. गोळ्या संपल्या, तरी पुन्हा निघाली. आता विषाणूच्या जनुकांची तपासणी केली, तर रक्तात दोन तऱ्हेचे विषाणू हायेत म्हणं. पहिल्यांदा एकच घावला होता.”

“मावशी, पेल्यानं हा आजार पसरत नाही. वेगळा कुणी दिला?” मी तडकलो.

“लेकानं. त्याच्याच आजानं गावच्या हॉटेलातला आमच्या जातीसाठीचा वेगळा कप फोडला होता, बाबा. नव्या गोळ्यांनी दोन्ही विषाणू मेले, की नात मांडीवर देतो म्हणला ल्योक.”

समोर कुणाचं तरी तान्हं रडलं. तिचे हात आपसूक पुढे गेले. मग तिने ते पदराखाली घेतले.