तुळजाच्या मनगटावरचा धागा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि ज्यांच्याबरोबर तेरा वर्षं काम केलं त्यांना तर नाहीच. तुम्हांला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणखीही एक कारण आहे — ते शेवटी सांगते.

आधी कामाचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मोठ्या आजाराच्या मुलांसाठी मी शिबिरं घेते. हृदयाचं ऑपरेशन झालेली मुलं, दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागणारी मुलं, कॅन्सरमधून उठलेली मुलं. पाच दिवस ती आमच्याकडे राहतात आणि घरचे ज्याला ज्याला ‘नको’ म्हणतात ते सगळं करतात. झाडावर चढतात, चिखलात लोळतात, पाण्यात उतरतात. डॉक्टर आणि नर्स असतात, पण मुलांच्या नजरेत येणार नाहीत असे. पहिलं शिबिर आमच्या तंजावूरजवळ झालं. पुढे शिबिरं भरवणाऱ्या संस्थेनं मला केनियाला पाठवलं, कंबोडियाला पाठवलं, पेरूला पाठवलं — तिथल्या लोकांना हे काम शिकवायला. आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्या दिवशी मी एक गोष्ट सांगत आले.

एक दहा वर्षांची मुलगी असते. लहानपणीच हृदयाचं ऑपरेशन झालेलं. वडिलांच्या शेतात पंपसेट, त्याच्या हौदात भाऊ रोज डुंबतात आणि ही काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळते. ती शिबिरात येते. डॉक्टर तिला तपासते आणि हिरवा धागा देते. मुलगी शिबिराच्या हौदात उतरते, पंपाच्या जाड धारेखाली बसते आणि हसते. इथे मी थांबते. लोक डोळे पुसतात. पेरूमध्ये तर दुभाषीबाईला पाणी पिऊन यावं लागलं.

मुलगी खरी आहे. पंपसेट खरा आहे. हिरवा धागासुद्धा खरा आहे. ती पाण्यात उतरली नाही, एवढंच खोटं. एवढंच — असं मी स्वतःला किती वर्षं सांगत होते?

तिचं नाव तुळजा. ओरत्तनाडुकडच्या एका खेड्यातली, आमच्यातलीच — म्हणजे घरात मराठी बोलणारी. मी तंजावूरच्या मराठा राजवाड्यामागच्या गल्लीतली. त्या शिबिरात चाळीस मुलं होती आणि आमची घरची बोली बोलणारी तेवढी ती एकटी. ती माझ्या मागेमागे असायची. ‘अक्का, अक्का’ करत दिवसभर बोलायची. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला सांगू?

आमच्याकडे धाग्यांची पद्धत आहे. डॉक्टर रोज सकाळी मुलाला तपासते आणि हौदाच्या दिवशी त्याच्या मनगटावर धागा बांधायला सांगते. हिरवा म्हणजे पाण्यात जा. तांबडा म्हणजे जायचं नाही. शेवटच्या दिवशी सगळे धागे सोडायचे. साधी पद्धत, मुलांना लगेच कळते.

तिसऱ्या दिवशी परदेशातून पाहुणे आले. शिबिरं पुढे चालवायची की नाही, आणि ती मी चालवायची की दुसऱ्या कुणी, हे ते ठरवणार होते. हौदाचा कार्यक्रम त्यांच्यासमोरच होता. सकाळी डॉक्टरम्मांनी — आम्ही सगळेच त्यांना तसं म्हणायचो — तुळजाची छाती तपासली, कागद पुन्हा वाचले आणि माझ्या हातात हिरवा धागा दिला. म्हणाल्या, ही उतरेल तेव्हा मी काठावरच उभी राहीन, काळजी नको.

धागा माझ्या हातात होता. तुळजानं हात पुढे केलेला. तिच्या फ्रॉकच्या गळ्यातून टाक्यांचा वण दिसत होता. तो वण बघून माझ्या मनात काय आलं? तुळजाला काही होईल, असं आलं का? नाही. पाहुणे बघताहेत आणि मी ओठ निळे पडलेली पोर उचलून धावते आहे — हे आलं. मला माझी भीती वाटली, तिची नाही. मी हिरवा धागा मुठीत मिटला आणि तांबडा बांधला.

ती धाग्याकडे बघत राहिली. मग विचारलं, “डॉक्टरम्मानंच सांगितलं काय?”

मी हो म्हटलं. वर हेही म्हटलं, की त्यांना परत विचारू नकोस, त्यांना वाईट वाटेल. हे का जोडलं? तिनं विचारू नये म्हणून, दुसरं काय. आणि डॉक्टरम्मांना सांगितलं, की पोरगी पाण्याला भ्यायली आहे, आग्रह नको. पाच मिनिटांत दोन खोट्या गोष्टी, दोन भाषांत — एक मराठीत, एक तमिळमध्ये. दोघींनीही विश्वास ठेवला.

त्या दिवशी अस्की — म्हणजे सगळी — पोरं हौदात होती आणि तुळजा काठावर, त्यांचे कपडे मांडीवर घेऊन. पाहुण्यांना शिबिर आवडलं. काम मला मिळालं.

गोष्ट कधी सुरू झाली? दोन वर्षांनी, पहिल्या परदेशवारीत. लोक माझ्याकडे बघत होते, काहीतरी सांगायला हवं होतं, आणि ती तोंडातून निघाली. पहिल्यांदा लाज वाटली. तिसऱ्यांदा मी त्यात पाण्याचा आवाज घातला.

गेल्या वर्षी तंजावूरलाच नव्या स्वयंसेवकांचं प्रशिक्षण होतं. आमच्या शिबिरांतली मुलं मोठी झाली की पुष्कळदा मदतीला येतात. नावांची यादी मी वाचलीच नव्हती. सवयीनं गोष्ट सांगून मोकळी झाले — आपल्याच गावात, तमिळमध्ये. कॉफीच्या वेळी एक उंच मुलगी जवळ आली आणि मराठीत बोलली.

“ती पोर मीच की, अक्का. पण माझा धागा तांबडा होता. तुमीच बांधला होता.”

ती चिडलेली नव्हती. तिनं सगळं सावकाश सांगितलं. आमच्या घरांत मनगटाला बांधलेला धागा कुणी कापत नाही. देवळातल्या धाग्यासारखा तो झिजून आपोआप पडेपर्यंत ठेवतात. शिबिराचे धागे शेवटच्या दिवशी आम्ही सोडून घेत होतो, पण तुळजानं तो सोडू दिला नव्हता — अक्कानं बांधलेला म्हणून. घरी आईनं विचारलं आणि हिनं रंगाचा अर्थ सांगितला. संक्रांतीच्या पोंगलपर्यंत तो धागा तिच्या हातावर होता आणि आई रोज तो बघत होती. सायकल भावाकडे गेली. शाळेतली धावाधाव बंद झाली. बाहेरगावच्या कॉलेजात जागा मिळाली होती, तिथेही पाठवलं नाही. दरवर्षीच्या तपासणीत इस्पितळातले डॉक्टर सगळं ठीक आहे म्हणत, पण आई म्हणायची, त्या डॉक्टरम्मांनी पोरीला रोज सकाळी तपासलं होतं, त्यांना काहीतरी दिसलं असणार. तुळजालाही तसंच वाटत आलं होतं. बारा वर्षं.

मग तिनं विचारलं, डॉक्टरम्मांनी खरंच हिरवा दिला होता काय?

एका शब्दाचं उत्तर होतं. आमच्याभोवती माझेच सहकारी कॉफीचे पेले घेऊन उभे होते. त्यांना मराठी कळत नाही. मी हो म्हटलं असतं तरी ते कुणाला कळलं नसतं, तिच्याशिवाय. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला — प्रेमानं, हं — आणि म्हटलं, “ती दुसरी मुलगी, तुळजा. तू लहान होतीस, तुला नीट आठवत नसेल.”

“असंल, अक्का,” ती म्हणाली. मग रिकामे पेले गोळा करू लागली. माझाही नेला.

ती अजून आमच्याबरोबर काम करते. फार चांगलं करते. यंदाच्या शिबिरात मुलं हौदात उतरली तेव्हा बाकीचे स्वयंसेवकही उतरले. तुळजा काठावर उभी होती, मुलांचे कपडे हातावर घेऊन. तिच्यापासून मी दहा पावलांवर असेन. मी टॉवेल मोजत राहिले.

आता ते दुसरं कारण. तुळजा मराठी बोलते. जुने शब्द तर माझ्यापेक्षा तिलाच जास्त येतात. पण ती वाचते तमिळ आणि इंग्रजी. देवनागरी तिला कुणी शिकवलेली नाही. मी शिकले ती हिंदीच्या परीक्षांसाठी, आणि नंतर पुण्यात दोन वर्षं नोकरी केली म्हणून. आमच्या ऑफिसातही ही लिपी वाचणारं कुणी नाही.

हे सगळं मला तमिळमध्ये लिहिता आलं असतं. मी देवनागरीत लिहिलं. तुळजाला ते वाचता येणार नाही, हे पेन हातात घेण्याआधीच मला माहीत होतं.