उसवलेलं तिकीट

दारव्ह्यात तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान आहे, आणि आधीच सांगून टाकतो, अख्ख्या तालुक्यात माझ्यासारखं लॅमिनेशन कोणी करत नाही. हे मी म्हणत नाही, गिऱ्हाईक म्हणतं. बुडबुडा नाही, सुरकुती नाही, चारही कडांना सारखी पट्टी. दिग्रसचे लोकसुद्धा कामानिमित्त इकडे आले की मार्कशीट सोबत घेऊन येतात. बायको म्हणते, स्वतःची इतकी तारीफ करणाऱ्या माणसानं झेरॉक्सचं नाही, आरशांचं दुकान टाकायला पाहिजे होतं.

हे वेड मला उगाच लागलं नाही. माझ्या वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला वाळवीनं अर्धा खाल्ला होता. उरलेल्या अर्ध्या कागदावर आडनाव होतं, जात नव्हती. तेवढ्यापायी जात पडताळणीसाठी मी यवतमाळ-अमरावतीला किती खेटे घातले, ते माझ्या चपलांना विचारा. आमच्या बौद्धांच्या वस्तीत घरोघरी अशी एक तरी कथा सापडेल. वावर कमी, वतन नाही. शाळा, नोकरी, घरकुल, जे काही मिळालं ते कागद दाखवून मिळालं. त्यामुळे दुसरीकडे लोक महत्त्वाचा कागद देवापुढे ठेवून त्याला कुंकू लावत असतील, आम्ही त्याला प्लास्टिक चढवतो. आधार, रेशनकार्ड, पोरांचे दाखले तर झालेच, मी आमच्या लग्नाच्या पत्रिकेलाही चढवलं आहे. ती अजून नवीकोरी आहे, आम्हीच जुने झालो.

दुकानाच्या मागच्या अंगाला पडदा आहे आणि पडद्याआड बायकोची शिलाई मशीन. ब्लाउज, फॉल, पिको, शाळेचे गणवेश. तिच्या हातच्या ब्लाउजसाठी आर्णीहून बाया येतात, पण त्यांना माझ्या काउंटरला वळसा घालून, झेरॉक्सच्या रांगेतल्या माणसांना चुकवत आत जावं लागतं. माप घ्यायचं असेल तर मला दुकानाबाहेर हाकलतात. पावसाळ्यात मी स्वतःच्याच दुकानाच्या पायरीवर छत्री धरून उभा राहिलो आहे. तिला बसस्टँड रोडवर स्वतःचा गाळा हवा होता. शटर असलेला, आरसा लावलेला, जिथे बाई थेट आत येईल. गाळा बघूनही ठेवला होता. गाळेवाल्यानं डिपॉझिटसाठी महिनाभराची मुदत दिली होती आणि ते डिपॉझिट काही आमच्याजवळ नव्हतं.

लॉटरी ती आधीपासूनच घ्यायची. बसस्टँडजवळ एक तिकीटवाला लाकडी फळीवर चिमट्यांनी तिकिटं टांगून बसतो. आठवडी बाजाराच्या दिवशी भाजीच्या पिशवीसोबत एक तिकीट यायचं. मी तिची खूप टिंगल करायचो. ती म्हणायची, "तुमाले खर्रा लागते, मले तिकीट लागते. तुमचा थुकून जाते, माह्यावालं घरात तर राह्यते." मी तोंडातली तंबाखू-सुपारी थुकून यायचो आणि काही दिवसांनी पुन्हा टिंगल करायचो.

तर एका दुपारी तो तिकीटवाला आपली फळी कोणाच्या तरी भरवशावर टाकून थेट दुकानात आला. हातात निकालाचा कागद होता. "वयनी, परवाचं तिकीट काहाडा," एवढंच म्हणाला. तिनं मशीनच्या ड्रॉवरमधून बॉबिनीच्या डबीखालचं तिकीट काढलं. त्यानं आकडे जुळवले, तिनं जुळवले, मग मी चष्मा पुसून जुळवले. मालिका तीच, आकडा तोच. एक लाखाचं बक्षीस होतं. मी खुर्चीत बसलो आणि ती उभीच राहिली.

तिकीटवाल्यानं समजावून सांगितलं. लहान बक्षीस असतं तर त्यानंच दिलं असतं, पण हे मोठं, त्यासाठी नवी मुंबईच्या लॉटरी कार्यालयात अर्ज करावा लागतो. "काय काय कागद लागते, त्याची यादी घरी हाय, घेऊन येतो. तवरोक तिकीट जपून ठेवा भाऊ," तो मला म्हणाला. तो गेला. बायको पदर खोचून गाळेवाल्याला सांगायला गेली की गाळा दुसऱ्या कोणाला देऊ नका.

दुकानात मी, ते तिकीट आणि लॅमिनेशनची तापलेली मशीन. बघा, कागद किती पातळ! घामाच्या बोटानंही आकडा पुसला जाईल, असं मला वाटलं. वाळवी डोळ्यांसमोर आली. जपून ठेवा म्हटल्यावर माझ्यासारख्या माणसानं दुसरं काय करावं? मी सगळ्यात जाड प्लास्टिकचं पाकीट घेतलं, तिकीट मधोमध बसवलं आणि मशीनमधून काढलं. खोटं बोलत नाही, इतकं सुंदर लॅमिनेशन माझ्या हातून त्याआधी झालं नव्हतं. मी ते उजेडात धरून दोनदा पाहिलं.

तिकीटवाला यादी घेऊन परत आला आणि वाचायला लागला. आधार, पॅन, फोटो, बँकेचा चेक. शेवटी म्हणाला, "अन् सगळ्यात पयले तिकिटाच्या मागं नाव, पत्ता लिहून वयनीची सही." मी ऐटीत तिकीट त्याच्यापुढे धरलं. त्याचा चेहरा पाहून मला वाटलं, याला काही दुखायला लागलं की काय.

"भाऊ, हे काय करून ठेवलं बापा?"

"जपून ठेवलं."

"अवो, सही कायच्यावर करता आता? प्लास्टिकवर? अन् फाटलं-बिघडलं तिकीट तिथं घेत नाईत!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बायको पेढे घेऊन परत आली तेव्हा आम्ही दोघं त्या तिकिटाकडे बघत बसलो होतो. तिला सांगावं लागलं नाही. तिनं तिकीट हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं.

"तुमाले कोनं सांगतलं होतं?"

"जपून ठेवा म्हने तो."

"जपून ठेवा म्हने. गाडून टाका नाई म्हने."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पडद्याआड गेली आणि कोणाचा तरी गणवेश शिवत बसली. माझ्या हुशारीपायी तिचा गाळा गेला, हे मला तिच्या मशीनच्या आवाजातून ऐकू येत होतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की मी आणखी शहाणपण करतो. मी ब्लेड घेतलं आणि म्हणालो, मीच काढतो. ती पडदा सारून बाहेर आली आणि तिकीट माझ्या हातातून काढून घेतलं. "आता हात नका लावू. तुमाले लावता येते, काहाडता नाई येत."

खरंच होतं. वीस वर्षांत मी कधी लॅमिनेशन काढलं नव्हतं. गिऱ्हाइकांना सांगायचो, एकदा झालं की झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तिकीटवाल्याकडून न लागलेली दहा-बारा जुनी तिकिटं मागवली. तोच कागद, तोच आकार. मला म्हणाली, काल केलं तसंच या सगळ्यांना चढवा, तेच पाकीट, तेवढीच गरम मशीन. मी विचारलं, कायले? तर म्हणाली, "चिंधीवर पाह्यल्याबिगर मी कोनाच्या कापडाले कैची लावली काय आजपर्यंत?" मी गुपचूप चढवत गेलो आणि ती उसवत गेली.

पहिल्या तिकिटावर तिनं थेट इस्त्री ठेवली. प्लास्टिक आकसून तिकिटाची पुरचुंडी झाली. दुसऱ्यावर मलमलचा तुकडा टाकून इस्त्री फिरवली, पण प्लास्टिक वर ओढलं तशी कागदाची सालच निघून आली. तिसरं, चौथं असंच गेलं. पाचव्याला तिनं प्लास्टिक वर ओढायचं सोडून त्याचं टोक त्याच्याच अंगावर पालथं दुमडलं आणि सपाट, हळू, मागे मागे नेलं, जसं ती अस्तराला धक्का न लावता जुनी पट्टी काढते. कागद जागच्या जागी राहिला. सातव्याला तिला कळलं की एका वेळी फक्त दोन बोटं जागा तापवायची, गार व्हायच्या आत काढायची आणि मग पुढे जायचं. मी काही सुचवायला तोंड उघडलं की ती इस्त्री उचलून माझ्याकडे बघायची. मी तोंड मिटायचो.

मी म्हटलं, दोन्ही बाजू काढ, म्हणजे तिकीट होतं तसं होईल. ती नाही म्हणाली. पुढच्या बाजूचा आकडा प्लास्टिकमधून दिसतो, मशीन वाचते त्या बारकोडच्या रेघाही दिसतात, तिथे कशाला हात लावायचा? सही मागे लागते, मागचंच काढायचं. "जेवढं पाह्यजे तेवढंच उसवा लागते. जास्त उसवलं का कापड मरते." एवढं साधं शहाणपण माझ्या डोक्यात आलं नसतं, हे मी इथे लिहून देतो.

आणखी एक अडचण निघाली. प्लास्टिक निघालं तरी त्याचा गोंद कागदावर राहिला आणि त्यावर पेन घसरायला लागला. तिनं कापडावर खुणा करायचा खडू खरवडून त्याची पूड बोटानं हलकी चोळली, फुंकर मारली आणि जुन्या तिकिटावर सही करून पाहिली. शाई धरली. बाराव्या तिकिटावर सगळं निर्वेध झालं, तेव्हा ती उठली, हात धुतले, कोरडे केले आणि खरं तिकीट समोर घेतलं.

मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. काउंटरवर कोणीतरी झेरॉक्स, झेरॉक्स करत होतं, मी त्याला उद्या ये म्हणालो. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाला उद्या ये म्हटलेलं मला आठवत नाही. ती इस्त्री ठेवायची, उचलायची, प्लास्टिक पालथं घालून रेघभर मागे न्यायची. तिचा हात एकदाही चुकला नाही. मला त्या वेळी तिच्याबद्दल जे वाटलं ते सरळ सांगतो, मला तिचा अभिमान वाटला, आणि इतकी वर्षं हे हात मी पडद्यामागे बसवून ठेवले याचा रागही आला. शेवटची कड सुटली. मागची बाजू थोडी धुरकट दिसत होती, पण कागद अख्खा होता. तिनं खडू चोळला, नाव लिहिलं, पत्ता लिहिला आणि सही केली.

मग माझी पाळी आली. तिकिटाचं असं का झालं, याचा खुलासा अर्जासोबत जोडावा, असं तिकीटवाल्याचं म्हणणं पडलं. सगळ्या तालुक्याचे अर्ज मी लिहितो. दाखला हरवला, नाव चुकलं, विहीर मंजूर करा, मला मजकूर शोधावा लागत नाही. या अर्जाला मात्र पेन चालेना. शेवटी लिहिलं, "माझ्या अज्ञानामुळे सदर तिकिटास लॅमिनेशन झाले." बायकोनं वाचलं आणि म्हणाली, "अज्ञान कायचं? शहानपनानं झालं ते." पण तसं लिहायची सोय नव्हती. खाली मी सही केली, आणि दुकानाचा शिक्का मारायचा राहू दिला.

यवतमाळहून ट्रॅव्हल्सनं आम्ही नवी मुंबईला गेलो. तिनं तिकिटासाठी पुठ्ठ्याचे दोन तुकडे घालून एक चपटी पिशवी शिवली होती, ती तिनं पूर्ण वाटेत मला धरायला दिली नाही. कार्यालयात खिडकीपलीकडच्या मॅडमनी कागद तपासले, तिकीट पालथं केलं आणि थांबल्या. माझा खुलासा वाचला. मग तिकीट घेऊन आत गेल्या. आम्ही बाकावर बसलो. मी म्हटलं, नाही झालं तर मी मशीन विकून गाळ्याचं डिपॉझिट भरतो. ती म्हणाली, "चूप बसा जरासेक."

आतून मॅडमसोबत एक साहेबही आले. त्यांनी तिकिटाच्या मागच्या बाजूवरून अंगठा फिरवला.

"हे प्लास्टिक कोणी काढलं?"

मी उठून उभा राहिलो. "साहेब, लावलं मी. काढलं हिनं."

"कशानं?" त्यांनी तिला विचारलं.

"इस्त्रीनं. पयले बारा तिकिटावर करून पाह्यलं."

साहेबांनी तिकीट मॅडमपुढे धरलं. "अशी पुष्कळ येतात हो आमच्याकडे, पण चिंध्या होऊन येतात. आकडा एकीकडे, खूण एकीकडे. हे बघा, एक रेघ उडालेली नाही." त्यांनी मशीनखाली तिकीट धरलं. ते वाचलं गेलं. मॅडमनी शिक्का मारला, पोच लिहिली आणि बायकोला सांगितलं की कर कापून रक्कम तुमच्याच खात्यात येईल.

तिनं पोच घडी घालून चपट्या पिशवीत ठेवली आणि मला म्हणाली, "गाळेवाल्याले फोन लावा." मी खिशात हात घातला, तेवढ्यात मॅडमनी भेटीच्या रजिस्टरवर पेन टेकवून माझ्याकडे पाहिलं. "आणि आपण कोण?"

दारव्ह्यात मला हे कोणी विचारत नाही. विचारलंच, तर माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं. मी शर्ट खाली ओढला आणि मागच्या बाकावरच्या माणसांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो,

"मी यांच्यासोबत आलो."